पलीकडून हाक

"स्वतःच्या पायांनी चालतात," असं मोठ्यांदा म्हणत बिनॉयने कागदावर फुली मारली. "चेची, इथेच अडतं बघा. माणूस अंथरुणाला खिळलेला पाहिजे."

ओमना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचे सासरे ओसरीच्या कठड्यावर बसून कालव्याकडे पाहत होते. परकं माणूस आलं की ते असेच गुणी होतात. बिनॉय पंचायतीचा माणूस, गावातल्या सगळ्याच बायकांना चेची, म्हणजे ताई म्हणणारा. घरच्या आजाऱ्याचं करणाऱ्या बायकांना आठवड्यातून दोन दिवस सरकारी मदतनीस मिळते, ती कुणाच्या दारी पाठवायची हे तो ठरवणार होता. दोन दिवस! त्यातला पहिला ओमनाला नुसता झोपून काढायचा होता.

"खिळले असते तर रात्री मी झोपले असते, सर. हे चालतात, हेच तर दुखणं. चालत जाऊन पाण्यात उतरतात. दोनदा बाहेर काढलंय."

"नियम काय मी केलेत? जेवतात आपल्या हाताने?"

"जेवतात. आणि मग सून उपाशी मारते म्हणून गावभर सांगतात."

बिनॉय हसला. "तुमचे हे अच्छन, वडीलमाणूस, किती शांत बसलेत! तुमच्यासारखी सून मिळायला भाग्य लागतं. आणि आपल्याच माणसाचं करायचं, त्याला कसली हो मदत?"

ओमनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षांत तिने न्हाणीघराचं दार पुरतं लावून अंघोळ केली नव्हती, आणि हा भाग्य सांगत होता.

तिने त्याच्यासाठी आणलेला चहा स्टुलावर ठेवला. अंगणात उतरली, ओठांभोवती हात धरले आणि लांब हाक दिली.

"कूऽऽऽय!"

सासरे ताडकन उठले. या कालव्यावर जन्मभर त्यांची होडी होती. पलीकडून उतारू अशीच हाक घालायचे. पूल झाला, होडी मोडीत निघाली, हाक तेवढी डोक्यात राहिली. कमरेचा मुंडू लुंगीसारखा गुडघ्यावर खोचून ते झपाझप धक्क्याकडे निघाले.

"कुठे चालले हे?"

"होडीवर."

"पण तिथे होडी कुठे आहे?"

"नाहीच," ओमना म्हणाली. "आता धावा. मी रोज धावते."

कागद तिथेच टाकून बिनॉय धावला. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. त्याने म्हाताऱ्यांचा दंड पकडला खरा, पण दोघेही घसरून कमरेएवढ्या पाण्यात गेले.

"ढकलाढकली करू नका," सासरे त्याच्यावर खेकसले. "सगळ्यांना नेतो."

"चेची! अहो, या ना लवकर! ऐकत नाहीत हे!"

सवयीने ओमनाची दोन पावलं पुढे पडली. मग ती थांबली. मागे फिरली आणि बिनॉयच्या खुर्चीत बसली. तिथून दोघंही नीट दिसत होते. बिनॉयने म्हाताऱ्यांना घट्ट कवटाळलं होतं. तिने चहा उचलला. अजून गरम होता.

पलीकडच्या काठावर मासे साफ करणारी मरियम्मा हातातला कोयता तसाच घेऊन उभी राहिली. "ओमने, आज म्हाताऱ्यामागे पाण्यात कोण गं?"

"सरकार!" ओमना ओरडून म्हणाली. "राहू दे जरा."