सगळ्यांत शेवटचं दार

बेल वाजली तेव्हा मिओक दाराच्या आतच उभी होती. तरी तिने उघडायला मुद्दाम वेळ लावला.

लिफ्टमधला कागद तिने सोमवारीच वाचला होता. वरच्या घरात बाल्कनीची भिंत पाडून दिवाणखाना मोठा करणार, आवाजाबद्दल क्षमा असावी. अशा कामाला इमारतीतल्या निम्म्याहून जास्त घरांच्या सह्या लागतात, खालच्या घराची तर लागतेच. आणि सही मागायला येणारा रिवाजाप्रमाणे पालिकेच्या विकतच्या कचऱ्याच्या पिशव्यांची गुंडाळी भेट म्हणून घेऊन येतो. समोरच्या आजींना गुंडाळी मिळाली. मिओकच्याही खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या पोरालाही मिळाली. जिच्या डोक्यावर हातोडा पडणार होता, तिला मात्र नाही.

नाही म्हणायचं, हे तिने भांडी घासता घासता पक्कं केलं होतं.

दारात वरच्या घरातली गारामची आई. काखेत फाइल, हात रिकामे.

“अगं युनसोलची आई, तुझीच सही राहिलीय बघ,” चपला काढत ती आत आली. “आज कागद कचेरीत गेला नाही तर ठेकेदार आमची तारीख दुसऱ्याला देणार. मग थंडी संपेपर्यंत बसा.”

“परवानगी ठेकेदार काढतो ना?” मिओक म्हणाली. “पैसे घेतो की त्याचे. मग दारोदार तू का हिंडतेस? का तेवढंच परवडलं नाही?”

गारामची आई हसली. टोमणा तिला लागलाच नाही. तिलाही तसंच वाटलं होतं म्हणे. कागदांचं मी बघतो, तुम्ही फक्त फरशी निवडा, असं ठेकेदार म्हणाला होता. सह्यांसाठी त्याने एक बाई पाठवली, पण अनोळखी चेहरा बघून कोणी दारच उघडेना. आणि उद्या काही चुकलं तर नोटीस येणार घरमालकाच्या नावाने. ठेकेदार तोवर दुसऱ्या कुणाची तरी भिंत पाडत असेल.

मिओक ‘फरशी’वरच अडकली होती. “कुठल्या रंगाची?” तिने विचारलं.

“पांढरट. थोडी दुधाळ.”

अगदी तीच. मिओकने मनातल्या मनात कितीदा घातलेली. दर वर्षी विषय काढला की तिचा नवरा म्हणायचा, घर राहायला आहे, नाचायला नाही.

“ठेकेदार तर म्हणाला, राहिलेली एक सही मीच मारतो, कोण बघतंय,” गारामची आई फाइल उघडत म्हणाली. “मी म्हटलं, हात लावू नका. ते माझ्या हक्काच्या माणसाचं घर आहे. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलंय.”

“आणि माझ्या पिशव्या?” मिओकच्या तोंडून निसटलंच.

“त्या दिल्या ना पाचव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला. एका गुंडाळीवर ऐकेना तो. म्हटलं, युनसोलची आई काय पिशव्यांसाठी सही करणार आहे?”

आठवडाभर घासूनपुसून ठेवलेलं ‘नाही’ काढायला मिओकला जागाच मिळाली नाही. तिने सही केली. अक्षरं जरा जास्तच मोठी आली.

परवानगी आली. पहिला हातोडा पडला त्या सकाळी अख्खी इमारत कामं काढून बाहेर पळाली. गारामची आईसुद्धा. मिओक घरातच राहिली. बाल्कनीत वाळत टांगलेल्या पर्सिमनच्या फळांच्या माळा तिने बाजूला सारल्या आणि मागच्या, दिवाणखान्याला लागून असलेल्या भिंतीवर तळवा टेकला. वर घाव पडला की खाली भिंत किंचित थरथरायची.

युनसोल दप्तर घेऊन निघाली होती. ती थबकली. “आई, काय करतेस?”

“काही नाही,” मिओक म्हणाली. हात तिने काढला नाही. “बघतेय, आपलीपण पडतेय का.”