बांधावरची घोळ

गौतमीनं दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली, तेवढ्यात शेजारची रंगुबाई दारात आली आणि ताटाकडं बघतच राहिली.

"चांगुणे, ही घोळ कुठली गं?"

"इंद्रजीतदादांच्या उसाच्या बांधावरची. सकाळीच खुडली. का?"

"आगं, काल तिथं तणाचं औषध मारलंय. पाठीवर पंप घेतलेला गडी मी माझ्या डोळ्यांनी बघितला."

गौतमीचा घास हातातच राहिला. तिला सातवा महिना होता. बाजारातली पालेभाजी रोज परवडायची नाही, म्हणून तिची सासू चांगुणा सकाळी उठून बांध धुंडायची. घोळ, पाथरी, तांदुळजा, जे मिळेल ते निवडून, मूठभर डाळ टाकून शिजवायची. आजची घोळ चांगली लुसलुशीत होती. एकही पान सुकलेलं नव्हतं.

चांगुणानं ताट ओढून घेतलं. "चूळ भर. रंगे, हिच्याजवळ बस. मी आले."

ती तशीच अनवाणी धावत सुटली.

इंद्रजीत अंगणात मोटारसायकल धूत होता. चांगुणाला धाप लागली होती.

"दादा, काल बांधावर काय मारलं? ती बाटली द्या मला. दवाखान्यात इचारतील."

"बाटली कशाला?"

"तिथली घोळ नेली मी. गौतमीनं खाल्ली."

तो उठून उभा राहिला. हातातल्या पायपातून पाणी वाहतच होतं.

"मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं होतं आमच्या बांधावर जायला?"

"चुकलं माझं. काय बोलायचं ते मागून बोला. आधी बाटली द्या."

"बाटली न्हाई आता. गड्यानं फेकली आसंल कुठंतरी. धुऊनच केली आसंल ना भाजी? मग काय होत न्हाई. उगं दवाखाना केला, केस-बिस झाली, म्हंजी..."

बोलता बोलता त्यानं गोठ्यामागच्या खोपटाकडं पाहिलं. चांगुणानं ते पाहिलं. ती जागची हलली नाही.

"कसली केस रं?" त्याची आई सारजाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. ती सकाळीच दौंडहून, लेकीकडून परतली होती.

"बांधावर औषध मारलंय, काकू," चांगुणा म्हणाली. "आन् तिथली घोळ माझ्या सुनंनं खाल्ली."

सारजाबाईनं दाराची चौकट धरली.

"घोळ?" ती म्हणाली. "इंद्रजीत, आरं, येष्टीतून उतरून येताना मीबी आणली की. बांधावरचीच. आत्ता तुझ्या पिंकीला चार घास भरवले."

इंद्रजीत खोपटाकडं पळाला. परत आला तेव्हा त्याच्या हातात बाटली होती.

इंद्रजीतनं जीप काढली, चांगुणाच्या घरून गौतमीला घेतलं आणि शिरूरच्या दवाखान्याची वाट धरली. मागच्या सीटवर दोघी म्हाताऱ्या, मध्ये गौतमी, सारजाबाईच्या मांडीवर पिंकी. पिंकीचे डोळे मिटायला लागले की सारजाबाई तिचे गाल हलवायची. "झोपू नको गं बाय. माझ्याकडं बघ." रोज याच वेळेला झोपणारी ती पोर वैतागून रडायची. ती रडली की सारजाबाईला बरं वाटायचं.

तळेगाव मागं पडलं. गौतमीनं पोटावर हात दाबून धरला होता.

"आत्या, हलत न्हाई."

"हलंल. झोपलं आसंल."

"मघापासनं हलत न्हाई."

चांगुणानं आपला हात तिच्या हाताखाली सरकवला. काहीच लागलं नाही. शिरूर येईपर्यंत तिनं तो हात काढला नाही, की सुनेच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचा कागद वाचला, किती खाल्लं, कधी खाल्लं ते विचारलं. पिंकीला नर्सनं आत नेलं. गौतमीच्या पोटावर मशीनचं टोक ठेवलं. नुसती खरखर आली. डॉक्टरीणबाईंनी टोक सरकवलं. पुन्हा खरखर. चांगुणाला वाटलं, खोलीतली हवाच कुणीतरी काढून घेतली. मग खरखरीतून आवाज फुटला. टकटक टकटक, घोडं पळावं तसा.

चांगुणा फरशीवर खाली बसली.

"बाळाचे ठोके चांगले आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती लहान मुलगीही ठीक दिसतेय. पण दोघींना आजची रात्र इथंच ठेवू. लक्ष ठेवावं लागेल. भूक लागली तर हलकं काहीतरी द्या."

दिवस मावळायच्या सुमारास इंद्रजीतची बायको सुलक्षणा सगळ्यांसाठी डबा घेऊन आली. दोन खाटांच्या मध्ये स्टुलावर तिनं तो उघडला. मऊ भात आणि पालकाचं वरण. हिरवंगार. वास खोलीभर पसरला. सकाळपासून चांगुणाच्या पोटात काही नव्हतं, पण तिचा हात पुढं होईना. कुणाचाच होईना.

"परसातल्या वाफ्यातला पालक हाय," सुलक्षणा म्हणाली. "त्याच्यावर काही मारलेलं न्हाई."

पिंकीनं वाटीकडं हात नेला. सारजाबाईनं तो मधेच धरला.

"आत्या, मला भूक लागलीय," गौतमी हळूच म्हणाली.

चांगुणानं भात कालवला. एक घास केला, सगळ्यांच्या देखत स्वतःच्या तोंडात घातला, आणि गिळला.

"थांब जरा," ती सुनेला म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघत बसले.