पिशवी दाखवा

बाईंनी वाळलेल्या तुतीच्या खोडाला हात लावला आणि ते हललं. रुजलेलं झाड असं हलत नाही, मुळं त्याला धरून ठेवतात. हे मात्र कुंडीत खोचलेल्या काठीसारखं डुलत होतं.

त्यांनी बोटानं माती उकरली. फार खोल जावं लागलं नाही. काळ्या प्लास्टिकची कड वर आली.

बाईंनी ती कड पटकन मातीखाली दाबली, वर पालापाचोळा ओढला आणि इकडेतिकडे पाहिलं.

कोणाचं लक्ष नव्हतं. ज्या मैदानावर सगळी वस्ती एके काळी कचरा टाकायची, तिथे आज तीच वस्ती खड्डे खणत होती. गेल्या वर्षी लावलेली जी रोपं जगली नाहीत, त्यांच्या जागी नवी लावायची होती. शिंपीकाका पाण्याची नळी ओढत होते. बाईंचा चौथीचा वर्ग नव्या रोपांभोवती गलका करत होता. फक्त मुंगी हात मागे बांधून लांब उभी होती.

मुंगी हे वर्गानं दिलेलं नाव. एवढीशी पोर, सतत काहीतरी वाहून नेणारी. वर्षभर ती शाळेच्या नळावर बाटली भरून आणून या तुतीला घालत होती. अगदी सुट्टीतसुद्धा.

"काका, हिच्यासाठी नका खणू," भोंगा ओरडला. वर्गात त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. "हिचा हातच वाईट आहे!"

"गप रे," शिंपीकाका म्हणाले. "या पोरीनं जेवढं पाणी घातलंय ना, तेवढं तेल मी माझ्या मशीनला जन्मात घातलं नाही."

"मग जास्त झालं असेल," मुंगी हळूच म्हणाली.

बाई उठून तिच्यापाशी गेल्या. "अगं, काही रोपं नाहीच जगत. कोणाचा दोष नसतो त्यात."

वाक्य चांगलं होतं. बाई ते मनापासून म्हणाल्याही असत्या, दहा मिनिटांपूर्वी.

रोप लावायची रीत बाईंनीच मुलांना शिकवली होती. आधी पिशवी फाडायची, मुळं मोकळी करायची, रोप खड्ड्यात ठेवायचं आणि माती लोटण्याआधी रिकामी पिशवी हात उंच करून दाखवायची. "पिशवी दाखवा!" अशी हाक बाईंनी दिली की काळ्या पिशव्या झेंड्यांसारख्या वर जायच्या. गेल्या वर्षी रोपं लावली त्या दिवशी मुंगी तापानं घरी होती. तिचं रोप बाईंनी लावलं, सगळ्यांत शेवटी, समारंभाच्या पाहुण्यांची गाडी फाटकातून आत येताना. आत्ता फोटोपुरतं उभं करू, उद्या नीट लावू, असं म्हणून त्यांनी माती लोटली होती. तो उद्या काही उजाडला नाही. आणि बाईंना पिशवी दाखवायला सांगणार तरी कोण?

"चल, तुझं नवीन रोप घे," बाई म्हणाल्या.

"मला नको, बाई."

"का गं?"

"तेही मरेल. दुसऱ्या कोणालातरी द्या."

ती रडत नव्हती. निकाल लागून गेल्यावर बोलावं, तसं बोलत होती.

मुलांना हात धुवायला पाठवायचं, तेवढ्यात रोप उपटून पिशवी आपल्या पर्समध्ये कोंबायची. तसं सोपं होतं. काकांची पाठच होती.

"मुलांनो, जा, नळावर हात धुऊन या," बाई म्हणाल्या.

मुलं पळत सुटली. मुंगीही निमूट निघाली. तिचे हात तर स्वच्छ होते. सकाळपासून तिनं कशालाच हात लावला नव्हता.

"थांबा!" बाईंचा आवाज चिरकला. "सगळे परत या. मुंगे, ये, हे उपट."

मुंगीनं बाईंकडे पाहिलं, मग खोड दोन्ही हातांनी धरून ओढलं. जोर लावावाच लागला नाही. रोप वर आलं, आणि त्याच्याबरोबर अख्खी पिशवीही. खालची भोकं चिखलानं बुजली होती. काठावरून पाणी ओघळत होतं.

"बाई! हिनं पिशवीच काढली नव्हती!" भोंगा ओरडला.

"ती त्या दिवशी आलीच नव्हती," बाई म्हणाल्या. "हे रोप मी लावलं. पिशवी मी काढली नाही. तुमच्या सगळ्यांच्या पिशव्या बघितल्या आणि माझी कोणाला दाखवली नाही."

भोंग्याचा भोंगा बंद झाला. शिंपीकाकांच्या हातातली नळी एकाच जागी वाहत राहिली.

मुंगी उकिडवी बसली. तिनं पिशवीची कड दुमडून आत बोट घातलं. मुळं बाहेर न पडता आतल्या आत गोल गोल फिरली होती, लोकरीच्या गुंड्यासारखी, आणि कुजून काळी पडली होती.

"म्हणजे पाणी पोचत होतं," ती म्हणाली.

"हो."

"त्यालाच कुठे जायला जागा नव्हती."

"नव्हती. चुकलं माझं, मुंगे."

मुंगी उठली, नव्या रोपांपाशी गेली, दोन-तीन हाताळून बघितली आणि त्यांतलं एक आणून बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

बाईंनी पिशवी फाडली. मुळं बोटांनी मोकळी केली. रोप खड्ड्यात सरळ उभं धरलं आणि दुसऱ्या हातानं माती लोटायला सुरुवात करणार, तेवढ्यात खड्ड्यावर एक छोटा, चिखलानं भरलेला तळहात आडवा आला.

"बाई," मुंगी म्हणाली, "पिशवी दाखवा."