निकोदेमसचं नाक

“सातशे वर्षांत बादली परत नेता आली नाही, म्हणून आता नाक न्यायला आलात होय?” परांचीखालून नेल्लो बारबोलिनी म्हणाला.

नीवेस शेजारच्या बोलोन्या शहराची. मोदेनाच्या लोकांनी कोणे एके काळी बोलोन्याला झोडपून त्यांची एक लाकडी बादली पळवून आणली होती. बोलोन्याचं माणूस समोर आलं आणि मोदेनाचं माणूस त्या बादलीबद्दल गप्प बसलं, असं काही होत नाही. तीन आठवड्यांत नीवेसला बादलीची सवय झाली होती. नाकाचं मात्र अवघड होऊन बसलं होतं.

मोदेनातल्या बाजारामागच्या त्या छोट्या चर्चमध्ये भाजलेल्या मातीचे सात पुतळे आहेत, चांगले माणसाएवढे. मेलेल्या ख्रिस्ताभोवती जमून ते पाचशे वर्षं रडताहेत. त्यांची डागडुजी करायला नीवेस आली होती. त्यांतला ख्रिस्ताच्या पायाशी गुडघे टेकलेला म्हातारा म्हणजे निकोदेमस, ख्रिस्ताला पुरायला मदत करणारा. त्याला नाक असं की आधी नाक दिसावं आणि मग निकोदेमस. आणि शहात्तर वर्षांच्या नेल्लोला अगदी तेच नाक.

आजही त्याने पर्यटकांची एक बस गाठली होती. तोरिनोची पेन्शनर मंडळी, काल पार्मा उरकून आलेली, संध्याकाळी फेरारा उरकणार होती. “मूर्तिकाराने इथला पाववाला समोर बसवला आणि हा निकोदेमस घडवला,” नेल्लो सांगत होता. “तो पाववाला आमचा पूर्वज. विश्वास नाही बसत? मग हे बघा.” तो पुतळ्याशेजारी चेहरा एका बाजूला वळवून उभा राहिला. मंडळी हसली, फोटो काढले आणि जेवणाची वेळ टळेल म्हणून पळाली. चाळीस वर्षं हा कार्यक्रम चालला होता, आणि तोही फुकट.

नीवेस वरून बघत होती आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. सकाळीच तिने नाकाच्या मुळाशी असलेली भेग तपासली होती. आत तार निघाली. तारेभोवती वर्तमानपत्राचा बोळा, वरून प्लास्टर. पाचशे वर्षं कसली, वर्तमानपत्राच्या तारखेवरून हे नाक पासष्ट वर्षांचं होतं. अहवाल आजच पाठवायचा होता. तिने लिहूनही टाकलं होतं: ‘नंतरचं ठिगळ, काढावे.’

पण हा माणूस तिला रोज सकाळी कॉफी आणून द्यायचा. देताना न चुकता म्हणायचा, “आज पायांचं बघा. पायांकडे कुणी लक्षच देत नाही.” आणि त्याच्या नादाने तिने दोन आठवडे नुसत्या पायांवर घालवले होते. आता काय करायचं? ती खाली उतरली.

“सिन्योर नेल्लो, बसा जरा.”

“उभाच बरा आहे मी. बोला.”

“ते नाक जुनं नाही. प्लास्टरचं आहे. आत वर्तमानपत्र आहे. म्हणजे तुमचे ते पूर्वज…”

“कुठलं वर्तमानपत्र?”

“खेळांचं. मोदेना हरल्याची बातमी आहे.”

“मग तेच,” नेल्लो म्हणाला आणि आपणहून बाकावर बसला.

नीवेसने हातातला ब्रश खाली ठेवला.

“माझे वडील गिलाव्याची कामं करायचे,” तो म्हणाला. “इथली भिंत करताना शिडी घसरली ती निकोदेमसच्या तोंडावर. पाद्री रेज्जो गावाला बहिणीकडे गेलेला, दोन दिवसांत येणार. जुनं नाक कसं होतं ते आठवतंय कुणाला? मग घरून दाढीचा आरसा आणला आणि त्यात जे नाक दिसलं ते बसवलं. आरशातलं ना, म्हणून आमच्या घरात नाक डावीकडे कलतं आणि त्याचं उजवीकडे. एवढी माणसं येऊन गेली, एकानं विचारलं नाही.”

“आणि पूर्वज?”

“पुढच्या रविवारी एक बाई म्हणाली, हा तर हुबेहूब बारबोलिनी. वडील काय बोलणार? म्हणाले, असणारच, पूर्वज आहे आमचा. महिन्याभरात पाद्र्याने तेच छापून वाटलं. माझं नाक तेव्हा बटणाएवढं होतं. वडील म्हणायचे, धीर धर, येईल.”

नीवेसला हसू आलं आणि रागही आला. सकाळपासून आपण या माणसाची काळजी केली, आणि हा पक्का बिलंदर निघाला. “म्हणजे सगळं ठाऊक असून चाळीस वर्षं लोकांसमोर मिरवत होतात?”

नेल्लोने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“त्यानंतर वर्षभरातच वडील परांचीवरून पडून गेले,” तो म्हणाला. “लग्नातला एक फोटो होता, तोही चाळीस वर्षांपूर्वी पुरात गेला. दुसरा नाही. मग मी इथे येऊन बसायला लागलो. पण रोज नुसतं येऊन बसलं तर लोक विचारतात, का रे बाबा? म्हणून मग माहिती सांगायला लागलो.”

परांचीच्या फळीवरचा अहवालाचा कागद नीवेसने खाली ओढला. ‘काढावे’वर काट मारून वर ‘राहू द्यावे’ असं लिहिलं. त्याच्या खालचा, कारागिराच्या नावाचा रकाना रिकामा होता.

“वडिलांचं पूर्ण नाव सांगा,” ती म्हणाली.