रामप्रसादजी

"या रामप्रसादजी, आपण इथं उभे राहा," भुजंग म्हणाला आणि रामप्रसाद चालता चालता थबकला.

परवापर्यंत हाच भुजंग त्याला "ए टमरेल" म्हणून हाक मारायचा. जालना एमआयडीसीतल्या त्या सळई कारखान्यात ज्याला असं एखादं नाव नाही, तो आपला नव्हेच. तिथली बोलीच निराळी. थोडी मराठी, थोडी उर्दू, बाकीची भट्टीजवळ जन्मलेली. मॅनेजर म्हणजे चष्मा. कामाला दांडी मारणं म्हणजे चंद्र पाहणं. आणि लालभडक सळई मशीनमधून निसटून अंगावर धावली, की जो आधी पाहील त्यानं ओरडायचं, "मामू!" बाकीच्यांनी मागंपुढं न बघता उडी मारायची.

ही सगळी बोली रामप्रसादनं काल केबिनमध्ये खुर्चीवर बसून, स्पेशल चहा पीत मॅनेजर साहेबांना समजावून सांगितली. शेखी मिरवायची हौस, दुसरं काय! साहेब पोट धरून हसले. संध्याकाळी त्यांनी आमेरला कामावरून काढून टाकलं. 'चष्मा' हे नाव त्यानंच ठेवलं होतं.

आज सगळे शब्द बदलले होते.

"मोसंबी!" कोणीतरी ओरडलं. रामप्रसाद हातातला चिमटा टाकून खांबामागं पळाला. चहावाला आला होता, एवढंच. सगळे खदाखदा हसले.

"मामूला आता काय म्हणून राह्यले रे?" त्यानं हळूच महेमूदला विचारलं. दोघं रोज एकाच मोटरसायकलवर कामाला यायचे. आज महेमूद एकटाच निघून आला होता. "बाकीचं नको सांगू, तेवढं एक सांग. मशीनकडं माझी पाठ राह्यते बाबा."

महेमूदचे ओठ हलले. पलीकडून भुजंग खाकरला.

"आपण साहेबांना विचारा, रामप्रसादजी," महेमूद खाली बघत म्हणाला. "त्यांना सगळं मालूम असतं."

कोणी आईवरून शिवी दिली असती, कॉलर धरली असती, तर रामप्रसादला बरं वाटलं असतं. या गोड बोलण्याची त्याला भीती वाटत होती.

"कंदील!"

त्यानं पुन्हा उडी मारली. कोणाला तरी बिडी पेटवायला काडी हवी होती. या वेळी तर हसता हसता लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कशाला घाबरता, रामप्रसादजी?" भुजंग म्हणाला. "आपण कामावर लक्ष ठेवा."

रामप्रसादचे कान तापले. इतक्या वर्षांत त्याचं असं हसं कधी झालं नव्हतं. त्यानं चिमटा उचलला. आता मेलो तरी हलणार न्हाई, तो मनात म्हणाला.

भट्टीचं तोंड उघडलं. मशीनची घरघर वाढली. त्याच्या पाठीमागून सळया धावू लागल्या.

"जिलेबी!" महेमूद ओरडला. त्याचा आवाज फाटला होता.

रामप्रसादनं दात आवळले, पाय घट्ट रोवले आणि त्यांच्या हसण्याची वाट बघत तो उभा राहिला.

कोणीच हसलं नाही.