आ करा

"अहो, तोडू नका!"

डॉक्टरीणबाई ओरडल्या, पण तोवर डॉक्टरांनी घंटाफुलाचं देठ चिमटीत धरून चांगलंच दाबलं होतं. पुढच्याच क्षणी त्यांनी हात झटकला आणि नाक मुरडलं.

"शी! काय हा वास! इथे काहीतरी मरून पडलंय."

"काही मरून पडलेलं नाही. हात लावला की ते असा वास सोडतं. म्हणून तर शेळ्यासुद्धा त्याच्या वाटेला जात नाहीत."

डॉक्टर रुमालाला बोटं पुसत राहिले. धापा टाकत एवढी चढण चढून आलो ते हे बघायला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. खडकाच्या कपारीतून गुडघाभर उंचीचं एक रोप बाहेर आलं होतं आणि त्याला मान खाली घालून लोंबणारी चार-पाच फुलं होती. रंग धड निळा नाही, धड राखाडी नाही. धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखा.

डॉक्टरीणबाईंनी तो चेहरा वाचला. दातांचा दवाखाना बंद करून महिना झाला होता. पाटी उतरली, खुर्ची विकून टाकली, तरी डॉक्टर रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून त्या रिकाम्या खोलीत जाऊन बसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "खोलीत हवा खेळती राहायला हवी." आज हजार विनवण्या करून त्यांना डोंगरावर आणलं होतं. इथे जीव रमला नाही, तर उद्यापासून पुन्हा तीच खोली आणि तीच खेळती हवा.

"त्याच्या आत बघायचं असतं," त्या म्हणाल्या. "बाहेरून काहीच नाही. खरी गंमत आत आहे."

"मग दाखव ना."

तिथेच तर घोडं अडलं होतं. इतकी वर्षं, डॉक्टर पेशंटमध्ये बुडालेले असताना, त्या एकट्या इथे यायच्या आणि खडकाखाली सरळ उताण्या पडून फुलात बघायच्या. यंदा गुडघा नवा बसवलेला. चालायला, चढायला मोकळीक, पण वाकायचं नाही आणि जमिनीवर बसायचं तर मुळीच नाही. तरी खडकाला धरून त्यांनी वाकायचा प्रयत्न करून पाहिला. गुडघ्याने साफ नकार दिला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या आणि त्यांनी घाईने डोळे पुसले. या वयात, एका फुलापायी! त्यांची त्यांनाच लाज वाटली.

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं, मग फुलाकडे पाहिलं.

"तोंडाला वास, आणि वर मान करायला तयार नाही," ते पुटपुटले. "असले पुष्कळ पाहिलेत मी."

त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. लोक खिशाला पेन लावतात तसा डॉक्टर तोंडात घालून बघायचा आरसा लावत. इवलासा, गोल, लांब दांडीचा. दवाखाना गेला तरी तो गेला नव्हता. पेशंटला गार लागू नये म्हणून तो तळहातावर उबवायची सवयही गेली नव्हती. डॉक्टरांनी आरसा नीट उबवला, खाली वाकले आणि जराही धक्का न लावता फुलाखाली धरला.

"आ करा," ते म्हणाले. "घाबरू नका. नुसतं बघतोय."

डॉक्टरीणबाईंना खुदकन हसू आलं. मग आरसा त्यांच्याकडे कलला आणि त्या हसायचं विसरल्या. घंटेच्या तळाशी शेंदरी ठिपके होते, त्यांच्याभोवती जांभळं कडं आणि तिथून पाकळ्यांवर उतरत गेलेल्या बारीक रेघा. दर वर्षी बघायच्या तेच सगळं. पण या वेळी उभ्या उभ्या, पाठीला खडे न टोचता.

"दिसलं?"

"दिसलं हो!"

"थांब, मला बघू दे."

डॉक्टरांनी आरसा वळवून आत पाहिलं. चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिलं. मग दुसरं फूल, मग तिसरं. प्रत्येकाला "आ करा" म्हणूनच. डॉक्टरीणबाई खडकाला टेकून नवऱ्याची वाकलेली पाठ बघत राहिल्या. त्यांना इतकं बरं वाटत होतं की गुडघा ठणकतोय हेसुद्धा लक्षात आलं नाही.

"सगळं छान आहे," डॉक्टर कंबर धरून सरळ होत म्हणाले. "काही काढायचं नाही. वर्षाने पुन्हा दाखवायला या."

"ते कुठलं येतंय? थंडीत वरचं सगळं वाळून जातं आणि मुळातून पुन्हा इथेच उगवतं. तुम्हालाच यावं लागेल."

डॉक्टरांनी आरसा पुसला, खिशाला लावला आणि काठी उचलली. दोन पावलं गेले आणि परत फिरले. रोपाच्या शेंड्याला एक कळी होती, घट्ट मिटलेली. तिच्यापुढे ते बराच वेळ उभे राहिले.

"ही काही आज तोंड उघडत नाही," ते म्हणाले. "हिला उद्या सकाळची वेळ देऊ."