गुलाबी गोळी

"काय औषध दिलं हिला?" सात रस्त्याच्या मोठ्या दवाखान्यात इंजेक्शन देता देता डॉक्टर मॅडमनी विचारलं. मांडीवरच्या लेकीचे ओठ सुजले होते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी कागदाची पुडी उघडली. आत गुलाबी गोळीचे अर्धे तुकडे. गल्लीतले डॉक्टर असंच देतात, नाव न लिहिता. सकाळी मी नाव विचारलंही होतं. "भाभी, लई शिकलाय म्हणून डॉक्टरची परीक्षा घेताय व्हय?" कंपाउंडर म्हणाला आणि रांगेतल्या बायका हसल्या. तेव्हा मीही हसले होते. "नाव कळायला हवं. तापावर मी तेच पुन्हा दिलं तर?" मॅडम म्हणाल्या. मी कंपाउंडरला फोन लावला. "सकाळची गुलाबी गोळी. नाव सांगा, भाई, लवकर." पलीकडं बरण्यांची झाकणं वाजली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "भाभी, गुलाबी गोळ्या तर चार बरण्यांत हायत की. तुमची कुठली?"